डेडस्टॉक क्रमांक ४११ ते ४१८

"कालपासून ओरडतंय ते," तारीभाऊ म्हणाले, "म्हणून मी दार लावून घेतलं."

प्रयोगशाळेचं कुलूप निघेपर्यंत मला वाटत होतं, ते मांजराबद्दल बोलतायत. आत शिरल्यावर कळलं. कॉलेजच्या दोन सर्व्हर-संगणकांपैकी एक बोंबलत होता. एक सेकंद आवाज, एक सेकंद शांतता, पुन्हा आवाज. समोरच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर पांढऱ्या रंगाचे शिंतोडे, शेजारी ऑइलपेंटचा छोटा डबा आणि टर्पेंटाइनचा वास. एप्रिलची तीस तारीख होती, सकाळचे दहा वाजले होते, आणि दुपारी चारला वालावलकरबाईंचा निरोप समारंभ होता.

काय केलंत म्हणून विचारलं तेव्हा तारीभाऊंनी रजिस्टरात लिहितात त्याच सुरात सांगितलं. डेडस्टॉकची वार्षिक पडताळणी चालू होती. दोन्ही संगणकांतल्या मिळून आठ हार्ड डिस्क त्यांनी काल बाहेर काढल्या, प्रत्येकीवर क्रमांक घातला, व्हरांड्यात उन्हात वाळवल्या, आणि वाळतील तशा परत आत बसवल्या. मग बटण दाबलं. आवाज आला. त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात 'चालू' लिहिलं.

दत्ताराम तारी हे आमचे डेडस्टॉक सांभाळणारे कारकून. न संपणारी प्रत्येक वस्तू रजिस्टरात असायची आणि तिच्या अंगावर पांढऱ्या रंगात तिचा क्रमांक असायचा. खुर्ची, घंटा, नकाशाची काठी. जीवशास्त्राच्या सांगाड्याच्या कवटीवरसुद्धा क्रमांक होता, कपाळाच्या बरोबर मध्ये, आणि तो पुसट झाला की तारीभाऊ नवा घालायचे. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि शिक्षकांच्या खोलीत त्यांची नक्कल करून हशा मिळवायचो. नक्कल चांगली व्हायची.

आता त्या दोन संगणकांबद्दल सांगायला हवं.

आमचं कॉलेज मालवणच्या खाली, एका खाडीच्या काठी. तिथल्या हवेत मीठ इतकं की पुस्तकाला आणि माणसाला सारखाच गंज चढतो. मराठीच्या वालावलकरबाई अकरा वर्षं किनाऱ्यावर हिंडून गाबित मच्छीमारांचे शब्द गोळा करत होत्या. वाऱ्यांची नावं, जाळ्यांची नावं, आणि मुख्य म्हणजे शिव्या. बाईंचं म्हणणं असं की वाऱ्यांची नावं कोशात कुठेतरी सापडतात, पण वारा पडल्यावर त्याला काय म्हणतात हे फक्त नावेत बसणाऱ्याला ठाऊक असतं. त्यासाठी त्यांनी म्हाताऱ्या तांडेलांना, म्हणजे नाव चालवणाऱ्या म्होरक्यांना, बोलतं केलं होतं. एकशे चाळीस तासांच्या कॅसेटी. बोलणाऱ्यांपैकी निम्मे एव्हाना वारले होते आणि कॅसेटींना बुरशी धरली होती. मी त्या एकेक करून संगणकावर उतरवून घेतल्या. बऱ्याच कॅसेटींनी ते शेवटचं वाजणं कसंबसं पार पाडलं आणि यंत्रातच टेपचा गुंता करून प्राण सोडला. म्हणजे आता जे काही होतं ते संगणकात होतं. सीडीवर दुसरी प्रत काढायचं ठरलं होतं. सीडींचा प्रस्ताव खरेदी समितीपुढे होता.

हे सगळं सुरक्षित राहावं म्हणून अनुदानातून दोन सारखे संगणक आले, प्रत्येकात चार डिस्क. रेड नावाची एक सोय असते. माहिती चार डिस्कवर वाटून ठेवायची आणि वाटताना अशी जुळणी राखायची, की चारांतली कुठलीही एक मेली तरी उरलेल्या तिघींवरून तिच्याकडचं सगळं पुन्हा उभं करता यावं. ही वाटणी दोन प्रकारे करता येते. एक तर संगणकात त्यासाठी वेगळं कार्ड बसवायचं, ते सगळं बघतं. नाहीतर कार्डबिर्ड काही नको, संगणकाच्या प्रणालीलाच ते काम सांगायचं. एका संगणकात कार्ड घातलं, दुसऱ्यात नाही, आणि प्राचार्य गुंजाळसरांनी मला सांगितलं की कोणतं वेगवान आणि कोणतं भरवशाचं याचा तौलनिक अहवाल द्या. एका पानात.

मी तीन आठवडे चाचण्या घेतल्या. आयुष्यात त्यानंतर मी इतकं प्रामाणिक काम केलेलं नाही. तेच फोल्डर दोन्हींवर लिहून पाहिलं. कार्डाला नऊ मिनिटं लागली, बिनकार्डवाल्याला चौदा. वाचताना मात्र दोघंही सारखेच. चालू कामात एका डिस्कची केबल उपटली. दोघंही थांबले नाहीत. फरक इतकाच की कार्ड शंख करू लागलं आणि बिनकार्डवाल्याने कोणी कधीच उघडत नाही अशा नोंदवहीत एक ओळ लिहिली. वीज घालवायची तजवीज करावी लागली नाही, भारनियमन रोज दोन ते चार होतंच. कार्डावर बॅटरी होती, त्यामुळे अर्धवट लिहिलेलं ते धरून बसे. दुसरा वीज आल्यावर सहा तास सगळं तपासत बसे, निकालाच्या दिवशीचा पालक बसतो तसा.

तरीही माझा कौल बिनकार्डवाल्याला होता. कारण साधं होतं. कार्ड मेलं तर तसंच कार्ड मुंबईहून येईपर्यंत चारही डिस्क म्हणजे चार विटा. दुसऱ्या प्रकारात डिस्क उचलायच्या आणि कुठल्याही संगणकात घालायच्या, त्या एकमेकींना ओळखतात. हे मी अहवालात तीन वाक्यांत लिहिलं आणि तिसऱ्याखाली रेघ मारली.

गुंजाळसर नगरकडचे, रसायनशास्त्राचे. त्यांनी अहवाल दोनदा वाचला, मग चष्मा काढून मला विचारलं, "नेरूरकर, तुमच्या त्या सॉफ्टवेअरवर नंबर कुठे घालायचा?"

मी म्हटलं, ते दिसत नाही.

"मग पडताळणीला आलेल्या माणसाला काय दाखवू?"

कार्ड दिसत होतं. त्यावर हिरवा दिवाही होता. बाईंची ध्वनिमुद्रणं कार्डाच्या संगणकावर गेली आणि माझा लाडका संगणक विद्यार्थ्यांना हाताळायला दिला गेला. मी महिनाभर दुखावल्यासारखा वागलो. ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

तर, तीस एप्रिल.

मी आधी माझा संगणक सुरू केला. कोण जाणे का, पण आधी तोच. चार मिनिटांत तो उभा राहिला आणि पडद्यावर एक ओळ आली. तिचा मथितार्थ असा, की चारांतल्या तिघी माझ्या आहेत, चौथी कोण ते ठाऊक नाही, पण काम चालू ठेवतोय. डिस्कच्या जागा बदलल्या होत्या हे त्याने बोलूनही दाखवलं नाही.

मग कार्डाकडे वळलो. कार्डाला आपल्या चार डिस्क कुठल्या खणात आहेत एवढंच माहीत होतं. आता खणांत भलत्याच डिस्क होत्या, त्यातली एक तर परक्या घरची. त्याने पडद्यावर प्रश्न टाकला होता: मांडणी जुळत नाही, जुनी पुसून नवी करू का? हो किंवा नाही. आणि तो कालपासून उत्तरासाठी ओरडत होता.

खरं सांगतो, मला आनंद झाला. स्वच्छ, निर्मळ आनंद. माझ्या एका पानाच्या अहवालात मी सगळे अपघात घेतले होते, फक्त डिस्कची अदलाबदल घेतली नव्हती, कारण असं कोण करणार? आणि आता नियतीने तारीभाऊंना पाठवून ती चाचणीही घेऊन दिली होती. गुंजाळसरांसमोर उभं राहून म्हणायचं वाक्य माझ्या मनात तयार होतं. त्यात 'मी तेव्हाच' हे शब्द दोनदा येत होते.

तेवढ्यात वालावलकरबाई आल्या. नवी इरकल, हातात यादी. कोणकोण येणार ती नावं त्या मला वाचून दाखवू लागल्या. सदतीस माणसं, सगळी बोलणाऱ्यांच्या घरची. कुणाची विधवा, कुणाचे मुलगे, वेंगुर्ल्याहून एक नात. प्रत्येक घराला आपापल्या माणसाचा दोन मिनिटांचा आवाज ऐकवायचा असं बाईंनी ठरवलं होतं. भाषणं नकोत म्हणून त्यांनी गुंजाळसरांना स्पष्ट सांगितलं होतं. वाचता वाचता त्या थांबल्या आणि सर्व्हरकडे बघून म्हणाल्या, "हा का रडतो?"

मी सांगितलं. बाई खुर्चीवर बसल्या. रागावल्या नाहीत, तारीभाऊंकडे बघितलंही नाही. फक्त यादीची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली. माझ्या मनातलं ते वाक्य कुठे गेलं ते मला अजून सापडलेलं नाही.

गुंजाळसर आवाज ऐकून आले. पडद्यावरचा प्रश्न वाचून म्हणाले की विचारतोय तर हो म्हणा, कामं अडवून ठेवू नयेत. त्यांचं स्वतःचंच बोट कळेवर पडण्याआधी मी त्यांचा हात धरला. प्राचार्यांचा हात धरण्याची माझी ती पहिली आणि शेवटची वेळ. त्यांना समजावलं की 'हो' म्हटलं की एकशे चाळीस तास गेले. ते दोन पावलं मागे सरले आणि त्यानंतर हात पाठीशी बांधूनच उभे राहिले.

निम्मं काम माझ्या संगणकाने केलंच होतं. परकी डिस्क कुठली ते त्याने सांगितलं होतं. ती काढून कार्डाच्या चारांत आणली आणि तिकडे गेलेली त्याची त्याला परत दिली. आता योग्य चार डिस्क माझ्यासमोर टेबलावर होत्या. प्रश्न क्रमाचा होता. चार डिस्क चार खणांत चोवीस प्रकारे बसतात, आणि चुकीच्या क्रमाने बसवून कार्डाला ओळख पटवायला गेलो तर ते तिघींवरून चौथी नव्याने लिहायला घेणार, म्हणजे चांगल्यावर वाईट लिहिणार. चोवीस वाटा होत्या आणि पाऊल एकदाच टाकता येणार होतं.

डिस्कवर क्रमांक होते, सुबक पांढरे. ४११, ४१२, ४१३, ४१४. प्रत्येक डिस्कवर एक बारीक भोक असतं, हवेसाठी. ते बंद झालं तर डिस्क जाते. चारही क्रमांक त्या भोकापासून अर्धा इंच लांब घातले होते. मी तारीभाऊंकडे बघितलं. ते म्हणाले, "वाचलं मी. त्यावर लिवलंय, हे बुजवू नये."

क्रमांक कुठल्या क्रमाने घातले, मी विचारलं. काढल्या त्या क्रमाने, ते म्हणाले. मग परत तशाच का नाही घातल्या? त्यावर ते माझ्याकडे, वर्गात वारंवार नापास होणाऱ्याकडे बघावं तसं बघू लागले. नंबर खुर्चीला असतो, जागेला नसतो. सभागृहातली ११२ नंबरची खुर्ची उद्या प्राचार्यांच्या खोलीत गेली तरी ती ११२च. कुठे ठेवली याने काय बिघडतं? अठरा वर्षं हे सूत्र त्यांच्या हाताखालच्या एकाही वस्तूने मोडलं नव्हतं. कार्डाचाच काय तो अपवाद.

मी चारशे अकरा उचलली आणि वरच्या खणाकडे नेली.

"ती खाली," तारीभाऊ म्हणाले.

मी थांबलो. वरून खाली मोजत नाहीत का, मी विचारलं. जगात सगळे वरूनच मोजतात.

"कपाट खालून मोजायचं. वाळवी खालून येते."

गुंजाळसर म्हणाले की कशाला पैज लावता, मुंबईच्या माणसाला फोन करून विचारू. मी म्हटलं, मुंबईच्या माणसाला कार्ड माहीत आहे, काल तारीभाऊंचा हात कुठे होता ते माहीत नाही. मग मी तारीभाऊंना दोनदा, तीनदा, वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं. नक्की खालून? दोन्ही संगणकांत खालून? मध्येच चहा आला नव्हता ना? दरवेळी तेच उत्तर, त्याच सुरात. एकदाही ते चिडले नाहीत, एकदाही आठवण्यासाठी थांबले नाहीत. नक्कल करताना मी हा सूर नेहमी वापरायचो. त्याचा उपयोग काय असतो ते मला त्या दिवशी कळलं.

"दत्ताराम खालून म्हणतो तर खालूनच," बाई म्हणाल्या. "घाल रे."

मी तीन डिस्क बसवल्या. चौथी हातात होती, तेव्हा तारीभाऊ जवळ आले. आवाज खाली आणून, गुंजाळसरांना ऐकू जाणार नाही असं त्यांनी विचारलं, "सर, आमचे बाबा ह्यातल्या कुठल्या नंबरवर आहेत?"

मला प्रश्न कळला नाही. मग बाईंच्या यादीतलं एक नाव आठवलं. तिसऱ्या ओळीत होतं. सोनू तारी, तांडेल. मी ते महिनाभर फाइलींच्या नावांत बघत होतो आणि किनाऱ्यावर तारी पुष्कळ, म्हणून सोडून देत होतो.

तारीभाऊ हळूहळू बोलले. नव्या संगणकाची नोंद आली होती ती 'संगणक, एक नग' अशी. आतल्या डिस्कची वेगळी नोंद नव्हती. पाच-सात वर्षांनी संगणक जुना ठरतो, निर्लेखन होतं, म्हणजे रजिस्टरातून नाव कमी होतं, आणि नग भंगारात जातो. रजिस्टरात जे नाही ते आत होतं की नव्हतं, हे कोण विचारणार? त्यांनी शास्त्राच्या खोलीतली दुर्बिणीची तीन भिंगं अशी गेलेली बघितली होती. म्हणून त्यांनी यंदा डिस्क वेगळ्या दाखवल्या. एकदा क्रमांक पडला की मग त्या वस्तूला कोणी हात लावू शकत नाही, समिती बसवावी लागते.

"चारही डिस्कवर आहेत," मी म्हटलं. "थोडे थोडे. तुकडे करून वाटलेत. कुठल्याही एकीवर पूर्ण नाहीत. पण एक गेली तरी उरलेल्या तिघींवरून पूर्ण उभे राहतात."

तारीभाऊंनी यावर विचार केला.

"घरात पण तसंच आहे," ते म्हणाले. "आम्ही चार भाऊ."

मी चारशे चौदा वरच्या खणात सारली, केबली लावल्या, संगणक सुरू केला. पडद्यावर प्रश्न आला, पण या वेळी दुसरा. चार डिस्क ओळखीच्या वाटतात, स्वीकारू का? गुंजाळसरांचे हात पाठीशीच होते. मी कळ दाबली. ओरडणं मध्येच तुटलं. कार्डावरचा हिरवा दिवा लागला आणि खोली इतकी शांत झाली की खाडीवरच्या बोटीचं इंजिन ऐकू आलं. बाईंनी यादीची घडी पर्समध्ये टाकली आणि मला सांगितलं की तोंड धुऊन घे, कपाळाला रंग लागलाय.

सीडींची वाट न बघता मी दुपारपर्यंत सगळं माझ्या बिनकार्डवाल्या संगणकावरही उतरवून ठेवलं. त्याची परवानगी मी आजतागायत मागितलेली नाही.

चार वाजता सभागृह भरलं. सदतीस म्हणता म्हणता साठेक माणसं झाली. गाबित वाड्यातून बायका मुलं घेऊन आल्या, पुरुष धुतलेल्या शर्टांत अवघडून बसले. गुंजाळसरांनी फक्त स्वागत केलं, तीन वाक्यांत. मी कोपऱ्यात टेबलाशी बसून एकेक आवाज लावत गेलो. एका म्हाताऱ्याने पडलेल्या वाऱ्याला जी विशेषणं लावली ती ऐकून पहिल्या रांगेतल्या संस्थेच्या अध्यक्षांनी छताकडे बघितलं, आणि त्याची विधवा पदर तोंडाला लावून खांदे उडेपर्यंत हसली. लोक एकमेकांना ढोसत होते, तो बघ तुझा आजा, तसाच खोकतो. वाईट वाटायला कोणाला सवडच मिळाली नाही.

मग सोनू तांडेल. दुसऱ्या रांगेत तारीभाऊंचे तिघे भाऊ बसले होते, तिघेही उन्हाने काळे, रुंद. तारीभाऊ ड्यूटीवर असल्यामुळे दाराशी उभे होते. आधी मिनिटभर जाळ्याच्या गाठींबद्दल होतं, त्यात जाळं विकणाऱ्याच्या वडिलांचा उद्धार होता. मग बाईंचा, अकरा वर्षांनी तरुण असलेला आवाज आला. मुलगे किती तुम्हाला?

"चार," म्हातारा म्हणाला. "तीन दर्यात आसत. तेंची काळजी नाय, तेंका पोवाक येता. चौथो कॉलेजात कारकून आसा. होडयेत बसलो की तेचा पोट ढवळता. तेची मात्र रोज काळजी लागता. थय सगळे शिकलेले, तेका कोण खावक तर नाय ना?"

सभागृह फुटलं. तिघे भाऊ मागे वळून दाराकडे बघत टाळ्या पिटू लागले, कोणीतरी शिट्टी घातली, शिक्षकांच्या रांगेतही हशा झाला. मीही हसलो आणि मग हसता हसता थांबलो, कारण त्या शिकलेल्यांत मी होतो. या गोंधळात म्हाताऱ्याचं पुढचं बोलणं बुडून चाललं होतं. मी दाराकडे बघितलं. तारीभाऊ जागचे हलले नव्हते. एक हात दाराच्या कडीवर होता. दुसरा त्यांनी माझ्याकडे केला, तळवा वर, आणि दोनदा हलकेच उचलला.

मी आवाज वाढवला.